तीन मातींच्या द्रितावहिनी

द्रितावहिनींच्या हातात केक कापायची सुरी कधी देऊ नये. मी एकदा दिली होती, आमच्या ईशाच्या दहाव्या वाढदिवसाला. मेणबत्त्या विझल्या, टाळ्या झाल्या, ईशाने नावापुरता एक काप दिला आणि पुढचं काम करायला वहिनी सरसावल्या. त्यांनी आधी केक नीट न्याहाळला. मग पुठ्ठ्यासकट फिरवून चारी बाजूंनी पाहिला. मग सुरीच्या टोकाने त्यावर रेघा आखल्या. क्रीमची फुलं असलेला भाग, नुसतं क्रीम असलेला भाग आणि कडेचा कोरडा भाग, असे केकचे तीन प्रांत पडले. "किती डोकी?" त्यांनी विचारलं. आम्ही सतरा होतो. पुढची वीस मिनिटं त्या प्रत्येक प्रांताचे सतरा तुकडे करत होत्या आणि आम्ही बाकीचे सगळे लहानथोर, कागदी बशा हातात धरून उभे होतो.

शेवटी प्रत्येकाच्या बशीत सुपारीएवढे तीन तुकडे पडले. एक फुलाचा, एक क्रीमचा, एक कोरडा.

"बाबा, दिस इज नॉट केक. दिस इज भेळ," ईशा म्हणाली.

वहिनींना त्याचं काही वाटलं नाही. सुरी पुसत त्या म्हणाल्या, "आता कोण रडणार नाही. सगळ्यांना चांगली माती, सगळ्यांना मधली माती, सगळ्यांना खराब माती. खलास."

केकला माती म्हणणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. बेनी, म्हणजे वहिनींचा नवरा, कोपऱ्यात उभा राहून हसत होता. त्याला सवय होती. त्याच्या घरी पापलेटसुद्धा असंच वाटलं जायचं. डोक्याकडचा तुकडा, पोटाकडचा तुकडा आणि शेपटीकडचा तुकडा.

आम्ही दुबईत, अल मनखूलमध्ये राहतो. इमारत जुनी, लिफ्ट त्याहून जुनी, पण शेजार चांगला. समोरच्या दारात बेनी परेरा. मूळचा वसईचा, एका हॉटेलात बँक्वेटचं काम बघतो. लग्नाच्या पार्ट्या लावून लावून त्याला आता कुठल्याच लग्नाचं कौतुक राहिलेलं नाही. त्याचं स्वतःचं लग्न मात्र अजब झालं. त्याच हॉटेलात युनिफॉर्मच्या खोलीत कामाला असलेली एक उंच, लाल गालांची, गंभीर चेहऱ्याची बाई त्याच्या कोटाचं बटण लावता लावता त्याला म्हणाली, की तू फार हळू जेवतोस, हे चांगलं आहे. बेनी तिथेच गारद झाला. ही बाई अल्बानियाची. आल्बेनिया की अल्बानिया यावर आमच्या मजल्यावर बराच खल झाला होता. तो देश नकाशात नक्की कुठे आहे हे शोधायला आम्ही ईशाचा ॲटलास काढला आणि इटलीच्या समोर समुद्रापलीकडे तो सापडला.

आता अल्बानियाची बाई आमच्याशी मराठीत कशी बोलते, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचं श्रेय बेनीच्या आईला, नतालबायला. बाय सात वर्षं इथे मुलाजवळ राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. सून आली आहे तर सुनेने शिकावं, असा तिचा साधा कायदा होता. बेनी दिवसभर ड्युटीवर. घरात या दोघी. बायचं माहेर आणि सासर दोन्ही वसईच्या वाडीतलं, केळी आणि पानवेली लावणारं. आणि सून शेतकऱ्याची पोर. त्यामुळे द्रितावहिनींचं मराठी पहिल्यांदा सुरू झालं ते शेणखतापासून. 'नमस्कार' यायच्या आधी त्यांना 'वाफा', 'आळं', 'कीड' आणि 'मेली कोंबडी' हे शब्द यायचे. 'तुम्ही' हा शब्द बायने शिकवायचा राहूनच गेला. वहिनी मला 'दादा, तू' म्हणतात, इमारतीच्या अरब मालकालाही हिंदीत 'तू' म्हणतात आणि तो बिचारा हसून घेतो. बाय आता वसईला मोठ्या मुलाकडे असते. रोज संध्याकाळी फोनवर दोघी तासभर वाडीतल्या केळीच्या तब्येतीबद्दल बोलतात.

वहिनींच्या मानेची एक गंमत आहे. त्यांच्याकडे 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नको' म्हणताना वर उचलतात. माझ्या बायकोने, अनघाने, पहिल्या महिन्यात त्यांना सहा वेळा चहा विचारला आणि सहाही वेळा कप परत ठेवला. वहिनींना वाटलं, या लोकांत चहा नुसता विचारायची पद्धत असावी.

हिवाळा आला की इथे माणसाला संध्याकाळ परत मिळते. उन्हाळ्यात कोंडून ठेवलेले सगळे जण गच्चीवर येतात. समोर इमारतींच्या रांगा, त्यांच्या मागे खाडीवरून येणारी पांढरी ओल, मशिदींतून एकामागून एक उठणारी बांग, आणि कुठूनतरी तळलेल्या कांद्याचा वास. अशा वेळी वहिनी पाण्याच्या टाकीच्या कडेला बसून बोलायला लागत. त्या गोष्ट सांगताना आपल्याकडे बघत नाहीत. समोरच्या धुरकट हवेत कुठेतरी त्यांना ती नदी, ती टेकडी दिसत असावी, आणि हळूहळू आपल्यालाही दिसू लागते.

त्यांच्या लहानपणी गावात कुणाचीच जमीन नव्हती. सगळी सामुदायिक. शेत सरकारचं, बैल सरकारचा, आणि पुढे पुढे तर घरची कोंबडीसुद्धा ठेवायची बंदी आली. तरी त्यांच्या आईने एक कोंबडी लपवली होती, पलंगाखाली. कोंबडीने अंडं घातलं की ती ओरडणार. मग आई जोरजोरात खोकायची. "रोज सकाळी खोकला," वहिनी सांगत. "शेजारी म्हणायचे, बिचारी, छाती खराब आहे. मग शेजारीण पण खोकायला लागली. मग सगळी गल्ली खोकायची." एकदा तपासणीला आलेला माणूस त्या खोकल्याने घाबरून दवाखान्याचा डॉक्टर घेऊन आला होता म्हणे.

मग एके वर्षी ते राज्य गेलं. लोकांनी सामुदायिक शेतीची गोदामं उघडली आणि जे दिसेल ते वाटून घेतलं. एक ट्रॅक्टर होता. त्याचेही वाटे पडले. कुणाला चाक, कुणाला दिवा, कुणाला पाइप. वहिनींच्या वडिलांच्या वाट्याला ट्रॅक्टरची सीट आली. ती त्यांनी अंगणात अक्रोडाखाली ठेवली आणि संध्याकाळी तिच्यावर बसून ते समोर बघत राहायचे. "न चालणारा ट्रॅक्टर," वहिनी म्हणाल्या, "पण वडील कुठे कुठे जाऊन यायचे त्याच्यावर."

त्यानंतर जमीन वाटली. गावाने ठरवलं, कुणाला चांगली आणि कुणाला खराब असं व्हायला नको. म्हणून जमिनीचे तीन प्रकार केले. नदीकाठची काळी, शाळेमागची मधली आणि टेकडीवरची दगडी. प्रत्येक घराला, घरात जितकी डोकी असतील त्या मापाने, तिन्ही ठिकाणी थोडी थोडी. दोरीने मापायचं, टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या, निघेल तो तुकडा आपला. झाला न्याय. फक्त नदीपासून टेकडीपर्यंत चालायला पाऊण तास लागायचा. "खांद्यावर कुदळ, पाठीवर पाणी, दिवसभर चालणं," त्या सांगत. "नदीला मका, शाळेमागे राजमा, टेकडीवर गवत आणि गाय. विकायला काय नाही. खायला सगळं. आणि आमच्या गावाचे पाय बघशील तर सगळ्या जगात मजबूत."

ऐकताना मला झोप आणि जाग यांच्यामधलं काहीतरी व्हायचं. दुबईच्या गच्चीवर बसून मी मक्याच्या पानांची सळसळ ऐकत असे. खाली बेकरीसमोर हॉर्न वाजला की पुन्हा मनखूल.

गेल्या ऑक्टोबरात वहिनींनी गच्चीवर शेती काढली. इमारतीचा रखवालदार, ज्याला इथे नातूर म्हणतात, तो आमचा यूसुफभाई. केरळचा. "सिर्फ ठंडी में, हां भाभी. गर्मी में सब नीचे," एवढ्या बोलीवर त्याने परवानगी दिली. रंगाच्या रिकाम्या बादल्या, तुपाचे डबे, दह्याचे मोठे टब असं सगळं जमा झालं. माती आली. मग एका शनिवारी सगळ्यांना वर बोलावलं गेलं.

"यल्ला, टोपी आण," वहिनींनी बेनीला फर्मावलं.

गच्चीचेही तीन प्रकार निघाले. टाकीच्या सावलीतली जागा म्हणजे चांगली माती. मधली मोकळी, ती मधली. आणि जिथे एसीच्या बाहेरच्या पेट्या गरम वारा फेकतात ती खराब. डोई एक बादली, प्रत्येक ठिकाणी. आम्ही तिघं, म्हणून आमच्या नऊ बादल्या, तीन दिशांना. यूसुफभाईचं कुटुंब गावाला, तेव्हा त्याच्या तीन. त्याला तर आपण नोकरीला आहोत की भागीदार हेच कळेना. तिसऱ्या मजल्यावरच्या मुरुगनची बायको पोटुशी होती. वहिनींनी तिचं पोट पाहिलं आणि मुरुगनला तीन डोक्यांच्या बादल्या दिल्या. मी म्हटलं, "वहिनी, तो अजून आलेला नाही, तो काय मेथी लावणार?" सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. "तो पण," त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठी उचलली.

झालं. आमची संध्याकाळ झारी घेऊन पळण्यात जाऊ लागली. कोथिंबीर टाकीपाशी, मेथी मध्ये आणि टोमॅटो त्या गरम वाऱ्यात, जिथे दुसऱ्याच आठवड्यात त्यांची चटणी व्हायला आली. मुरुगन माझ्या बादल्यांना पाणी घालायचा, मी यूसुफभाईच्या. एकदा माझी मेथी बेनीने कापून नेली आणि परत करायला आला तेव्हा ती शिजलेली होती.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. ज्याचा कागद त्याच्या फाइलीत, ज्याची फाइल त्याच्या कपाटात, हे बघण्याचा मला पगार मिळतो. अव्यवस्था मला सोसत नाही. अनघा म्हणते, तुम्ही स्वप्नातसुद्धा फोल्डर लावत असाल. खोटं नाही. तर असा मी, रोज गच्चीवर ती विखुरलेली शेती बघून आतल्या आत कुढत होतो. शेवटी एका रविवारी सकाळी, वहिनी चर्चला गेल्या असताना, मी सुधारणा केली. कॉम्प्युटरवर तक्ता केला. घरागणिक एक रंग. आणि यूसुफभाईला हाताशी धरून प्रत्येक घराच्या सगळ्या बादल्या एकत्र आणल्या. आमच्या नऊ एका ओळीत, बेनीच्या सहा एका ओळीत, मुरुगनच्या नऊ एका ओळीत. टाकीची सावली कुणाला आणि गरम वारा कुणाला, यासाठी दर महिन्याला ओळी बदलायच्या, हेही तक्त्यात होतं. काम झाल्यावर मी कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिलो. फार देखणं दिसत होतं.

वहिनी वर आल्या. चर्चचा फुलाफुलांचा झगा, हातात पर्स. त्या दारातच थांबल्या.

"वहिनी, सरप्राइज! आता चालायला नको. आपापली जमीन एका जागी."

त्यांनी बादल्यांवरून नजर फिरवली. मला वाटलं, त्या मोजतायत. मग त्या टाकीच्या कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "कुणाला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? सगळ्यांच्या सोयीचंच..."

"यूसुफभाईला विचारलंस?"

यूसुफभाई माझ्या मागे लपायच्या बेतात होता.

"तू चांगला माणूस आहेस, दादा," वहिनी म्हणाल्या. "माझा भाऊ पण चांगला माणूस आहे." आणि त्या उठून खाली गेल्या. पुढचे चार दिवस समोरचं दार बंद. अनघाने कांदेपोह्यांची बशी पाठवली, ती रिकामी आणि स्वच्छ धुऊन परत आली, पण नुसतीच आली. त्यांच्या रीतीप्रमाणे तिच्यात एक लिंबू किंवा दोन अक्रोड असायला हवे होते.

पाचव्या दिवशी बेनी मला जिन्यात भेटला. "अरे साने, तुझा काय दोष नाय रे," तो म्हणाला. "टायमिंग बेकार. तिच्या भावाचे रोज फोन येतात. गावची जमीन घ्यायला एक माणूस आलाय, नदीला टुरिस्ट लोकांसाठी खोल्या बांधणार. त्याला तिन्ही तुकडे पाहिजेत. सातबाऱ्यासारखा कागद असतो ना त्यांचा, त्याच्यावर चार नावं. आईबाप, भाऊ आणि ही. तिघांनी सह्या केल्या. ही दोन वर्षं अडून बसलीय. भाऊ म्हणतो, तुला दुबईत बसून दगडी टेकडी काय करायचीय? मी पण हेच म्हणतो. तर माझ्याशी पण बोलत नाय."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी रंगीत तक्ता खिशात घेऊन फिरत होतो.

त्या संध्याकाळी यूसुफभाई आणि मी सगळ्या बादल्या पुन्हा पहिल्या जागी नेल्या. माझ्या कंबरेने तेव्हापासून माझ्याशी असहकार पुकारला आहे. वहिनी वर आल्या, त्यांनी एकेक बादली तपासली, मुरुगनची एक चुकली होती ती स्वतः उचलून जागेवर ठेवली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "दादा, तुला कागदाचं कळतं. मला अबुधाबीला ने. आमच्या वकिलातीत. बेनीला नको. बेनी रस्ताभर बोलतो."

म्हणजे सही करायचं ठरलं, असं मी समजलो. मी एक दिवस रजा टाकली.

निघालो त्या सकाळी असं धुकं होतं की शेख झायेद रोडवरच्या इमारतींचे फक्त पाय दिसत होते. वेग कमी करा, असे फलक लुकलुकत होते. जेबल अलीच्या पुढे तेही दिसेनात. पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे आणि चहूकडे दूध. कधी एखादं खजुराचं झाड बाजूने यायचं, जरा सोबत करायचं आणि निघून जायचं. गाडी चालते आहे की रस्ता, कळत नव्हतं. वहिनी मांडीवर फाइल घेऊन बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्या काचेकडे बघत बोलायला लागल्या.

"आमच्याकडे असंच असायचं. नदीवर. त्या दिवशी पण होतं."

"कुठल्या दिवशी?"

"नावं लिहिली त्या दिवशी. शाळेत. जमीन वाटायच्या कमिशनमधले आमचे गुरुजी लिहीत होते. ज्याच्या घरात जितकी डोकी, तितकी जमीन. बाबा नदीवर दोरीपाशी. आई झोपलेली, पोट इतकं मोठं. बाबा म्हणाले, द्रिता, तू जा. पाच सांग."

मी गाडीचा वेग आणखी कमी केला.

"रांगेत माझ्या पुढे गावातला लेकाबाबा होता. त्याने त्याच्या आजोबाला लिहिलं. आजोबा दोन वर्षं कबरीत. गुरुजींनी विचारलं, तब्येत कशी आहे? म्हणाला, शांत आहे." वहिनी किंचित हसल्या. "मेलेल्याला जमीन मिळाली, दादा. मग माझा नंबर. गुरुजी म्हणाले, द्रिता, घरात किती? हेच गुरुजी, ज्यांनी मला शिकवलं खोटं बोलायचं नाही. मी म्हणाले, चार. आणि एक उद्या-परवा. गुरुजी हसले. त्यांनी चार लिहिलं. उद्या-परवा लिहायला कागदावर जागा नव्हती."

धुक्यातून खलिफा सिटीची पाटी आली आणि गेली.

"नऊ दिवसांनी मीरा झाली."

"मीरा?"

"माझी बहीण. आमच्याकडे मीरा म्हणजे चांगली." त्यांनी फाइलची दोरी सोडली, पुन्हा बांधली. "घरी आले तेव्हा बाबांनी विचारलं, पाच सांगितलंस? मी म्हणाले, हो. घाबरले. मग दोरी आली, तर जमीन चारची. बाबा मला हाताला धरून गुरुजींकडे घेऊन गेले. ओरडले. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. आणि म्हणाले, माझ्या लिहिण्यात चूक झाली असेल. आता कागद वर गेला."

"म्हणजे गुरुजींनी..."

"स्वतःवर घेतलं. बाबा मरेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. म्हणजे गुरुजी मरेपर्यंत. बाबा आहेत अजून." त्यांनी मान वर उचलली, त्यांच्या रीतीने, 'नाही' म्हणतात तशी. "मीराला मीच मोठं केलं. पाठीवर बांधून टेकडीवर न्यायची. सगळे तिला चिडवायचे, भाऊ पण. तू पाहुणी, तुझी माती नाही. ती हसायची. अठराची झाली आणि इटलीला गेली. म्हाताऱ्या लोकांना बघते. गावात कधी येत नाही. म्हणते, तिकडे माझं काय आहे? आणि म्हणते, गुरुजींनी माझा वाटा खाल्ला. मी ऐकते. तीस वर्षं गप्प आहे, दादा. मूल मला झालं नाही. तीच माझी. आणि तिचा वाटा मी खाल्ला."

मी गाडी चालवत राहिलो. माणसाच्या पोटात एखादी गोष्ट इतकी वर्षं कशी राहते, याचं मला तेव्हा खरोखर आश्चर्य वाटलं, आणि त्या केकच्या तुकड्यांना, पापलेटाच्या वाट्यांना मी किती हसलो होतो ते आठवून माझी मलाच लाज वाटली.

वकिलातीत गर्दी नव्हती. एका बाईने कागद पुढे ठेवले. वहिनींनी फाइल माझ्याकडे सरकवली. इंग्रजी प्रत वाचताना माझ्या लक्षात आलं की हा विक्रीचा कागद नव्हेच. हे मुखत्यारपत्र होतं, बक्षीसपत्रासाठी. तिन्ही ठिकाणचा आपला चौथा हिस्सा वहिनी बहिणीच्या नावावर करत होत्या.

"वहिनी, मग तुमचं काहीच राहणार नाही."

"भाऊ विकेल," त्या म्हणाल्या. "विकायला पाहिजे पण. बाबांचे पाय गेले आता, कोण चालणार? पण आता सही मीराची लागेल. भावाला मीराला विचारावं लागेल. मीरा, तुझं काय म्हणणं? असं. एकदा तरी."

नाव, पत्ता, पासपोर्ट नंबर मी तीन तीनदा तपासला. आयुष्यात इतकं मन लावून मी कुठला कागद वाचला नसेल. वहिनींनी शाळेतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर सुटं काढून सही केली. शिक्का पडला.

बाहेर येऊन गाडीत बसलो. वहिनींनी फोन काढला. मी म्हटलं, "मी जरा खाली उतरतो." त्यांनी माझी बाही धरली. "बस. नाहीतर मी सांगणार नाही. इतक्या वर्षांत शंभर वेळा फोन उचलला आणि पावसाचं बोलले."

फोन लागला. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता आणि एक हसरा, घाईतला आवाज. वहिनी त्यांच्या भाषेत बोलायला लागल्या. मला काही कळत नव्हतं, पण कुठे शाळा आली, कुठे गुरुजी आले, ते आवाजावरून समजत होतं. त्या न थांबता बोलत होत्या, जणू थांबल्या तर पुन्हा सुरू करता येणार नाही. पलीकडची भांडी थांबली. हसरा आवाजही थांबला. वहिनींचं बोलणं संपलं आणि गाडीत नुसता एसीचा आवाज राहिला. मी स्टिअरिंगकडे बघत होतो. मनात देवाचं नाव घेत होतो, खोटं कशाला सांगू.

बऱ्याच वेळाने पलीकडून एकच वाक्य आलं. छोटंसं. मग काहीतरी पुटपुटून दोघींनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?" मला राहवलं नाही.

वहिनींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"म्हणाली, द्रिता, तू चौदा वर्षांची होतीस."

समोर धुकं विरळ होत होतं, रस्त्यापलीकडचं कुंपण दिसायला लागलं होतं. त्यांनी फाइल छातीशी धरली, माझ्याकडे वळल्या, आणि नुकतीच कुणीतरी सांगितलेली बातमी खरी आहे का ते मनाशी पडताळून पाहावं तशा हळू आवाजात म्हणाल्या,

"खरंच होते, दादा. चौदाचीच होते."